उधारीच्या वहीत

पहिली कळ मी लिहिली ती निबाल्दोच्या
दोन किलो पिठाखाली. रात्रीचे अकरा वीस.
दुसरी अकरा अठ्ठावीसला, तिसरी बाराला पाच कमी,
मग चाळीस मिनिटं काहीच नाही,
नुसती यास्ना, माझी धाकटी बहीण,
गल्ल्यामागच्या खुर्चीत
पोटावर ताटली ठेवून पाव खाते आहे.

"ही ती नव्हे," ती म्हणाली.
"ती कशी असते?" मी विचारलं. मला मूल नाही.
तिलाही अजून नव्हतं. दोघी गप्प झालो.

चिलीच्या या किनाऱ्यावर जमीन हलते
त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही.
दिवा डुलतो, बाटल्या एकमेकींना हळूच लागतात,
गिऱ्हाईक सुटे पैसे मोजत राहतं.
परगावचे तेवढे दाराकडे धावतात.
शाळेत मास्तरांनी एकच नियम घोटून घेतला होता:
उभं राहता येतंय तोवर ते नुसतं थरथरणं;
उभं राहता येईना, की टेकडीची वाट धरायची,
चपला शोधायच्या नाहीत.

पोटाचा नियम मात्र फळ्यावर कुणी लिहिला नाही.

कान्येतेच्या इस्पितळात आम्ही दोनदा जाऊन आलो.
दीड तास, निबाल्दोच्या मासळीच्या गाडीतून,
मागे रिकामे क्रेट खडखडत.
पहिल्यांदा पायरीवरच पोट सैल पडलं,
दातवैद्याच्या दारात दात दुखायचा थांबतो तसं.
दुसऱ्यांदा एर्मेलिंदा सुईणीने हात ठेवला,
बराच वेळ ठेवला, मग चहा पाजला.
"पाणी पी. कूस बदल. चार पावलं चाल.
चालल्यावर पळून जाते ती पाहुणी.
चाललीस तरी अंगावर येते, कंबरेतून उठून पुढे येते,
दर खेपेला थोडी लवकर, थोडी दांडगी,
तिला घेऊन ये. रात्री दोनला आण, लाजू नकोस.
आणि पाणमोट फुटली, रक्त दिसलं,
किंवा बाळ गप्प गप्प वाटलं,
तर वही मिटा. मोजत बसू नका."
हे शेवटचं तिने माझ्याकडे बघून सांगितलं.

परतताना यास्ना रडली.
"माझं अंगच माझ्याशी खोटं बोलतं."
निबाल्दोने गिअर बदलला.
"बोटीचं इंजिन थंडीत दोनदा खोकतं, तिसऱ्यांदा धरतं.
पहिले दोन खोकले काय खोटे होते?"

त्यानंतर वहीत वेळ, वेळ, वेळ,
मधेच एक डझन अंडी, ओर्फेलिनाबाई, पैसे सोमवारी,
पुन्हा वेळ. बारा मिनिटं, सात, एकवीस, नऊ.
खरं सांगते, घाई मलाच झाली होती.
आकड्यांकडे बघून मी त्यांना ओळीत यायला सांगत होते.
ते येत नव्हते.

गुरुवारी दुपारी ती कांद्याची जाळी सोडत होती
आणि एलिसेओबद्दल बोलत होती,
तो दक्षिणेला बोटीवर, फोन लागत नाही,
"आला की सांग, पाळणा रंगवायचा राहिलाय,
पिवळा आण म्हणावं, हिरवा नको, हिरवा"

आणि तिथेच थांबली.

दिवा डुलत नव्हता. बाटल्या जागच्या जागी.
तिने दोन्ही हातांनी फळी धरली.
डोळे माझ्यावर, पण मी तिथे नव्हते.
कांदे एकेक करून जमिनीवर उतरले,
कुठवर गेले कुणी पाहिलं नाही.
ओसरल्यावर म्हणाली, "हिरवा मळतो."
आणि आम्ही दोघी उगाच हसलो.
एका गिऱ्हाइकाला साबण दिला तेवढ्यात
पुन्हा अर्धं वाक्य.
मग त्याहून लहान अर्धं.
मग नुसतं माझं नाव, तेही पुरतं नाही.

निबाल्दोला हाका मारत रस्ता ओलांडला
तेव्हा खडीने सांगितलं,
माझ्या पायात काही नाही.

त्या दिवसाची वहीत एकच नोंद आहे:
साबण, एक.
कुणाला दिला ते लिहायचं राहिलं.